चोवीस खजिने

इसवी सन 1095, जुलै महिना. हिजरी सन 488, महिना रजब. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवायला बसलेल्या एका माणसाची जीभ हलेनाशी झाली. समोर आलेल्यांचं मन राखण्यासाठी आज एवढा एक दिवस तरी शिकवू, असं ठरवून ते बसत, पण तोंडातून एक शब्द फुटत नसे. मग अन्नही जाईना. घोटभर पेज घशाखाली उतरेना, एक घास पचेना. वैद्य आले, नाडी पाहिली आणि त्यांनी हात टेकले. दुखणं मनात शिरलं आहे आणि तिथून ते शरीरात पसरलं आहे, मनावरचं ओझं उतरल्याशिवाय औषध चालणार नाही, असं त्यांचं निदान होतं. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे निदान वाचताना आजही अंगावर काटा येतो.

हा माणूस कुणी सामान्य शिक्षक नव्हता. अबू हामिद अल-गझाली, जन्म 1058, गाव तूस. इराणच्या ईशान्येला, आजच्या मशहदजवळ हे गाव आहे. ‘शाहनामा’ लिहिणारा फिरदौसीही याच तूसचा. गझाली निशापूरला इमाम जुवैनींच्या हाताखाली शिकले आणि पुढे सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजाम उल-मुल्क याच्या दरबारात पोहोचले. 1091 साली वजिराने त्यांना बगदादच्या निजामियात मुख्य आचार्य नेमलं. वय अवघं तेहतीस. त्या काळातल्या मुस्लिम जगात विद्वानाला याहून मोठी जागा मिळणं अवघड होतं. वर्गात तीनशे विद्यार्थी होते, खलिफाच्या दरबारात मान होता, वादसभेत समोर उभं राहायला कुणी धजत नव्हतं. ‘माणूस कशासाठी जन्मतो?’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता, तर कुराण, हदीस, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान या सगळ्यांच्या आधाराने निर्दोष उत्तर त्यांनी तिथल्या तिथे दिलं असतं.

उत्तर पाठ होतं आणि तरीही जीभ बंद पडली. मला गझालींच्या साऱ्या आयुष्यात हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

हे सगळं आपल्याला कळतं ते त्यांच्याच लेखणीतून. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ‘अल-मुन्किझ मिन अद्-दलाल’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. भ्रमातून सोडवणारा, असा त्या नावाचा अर्थ. त्यात या आजाराआधीच्या आणखी एका संकटाची हकीकत आहे. खात्रीचं ज्ञान कशाला म्हणायचं, या प्रश्नापासून ते निघाले आणि आधी डोळ्यांचीच उलटतपासणी त्यांनी घेतली. सावलीकडे पाहिलं तर ती स्थिर दिसते. तासाभराने पाहा, ती सरकलेली असते. म्हणजे ती क्षणभरही थांबली नव्हती, कणाकणाने चालतच होती आणि डोळा आपल्याला खोटं सांगत होता. आकाशातला तारा दिनाराच्या नाण्याएवढा दिसतो, पण गणित सांगतं की तो पृथ्वीहून मोठा आहे. ठीक, डोळा खोटा पडला, बुद्धी खरी ठरली. पण मग इंद्रियांनीच त्यांना उलट विचारलं, “बुद्धी येईपर्यंत आमच्यावरही तुझा असाच विश्वास होता ना? बुद्धीच्या पलीकडे आणखी एखादा न्यायाधीश बसला असेल आणि तो आला की बुद्धीही खोटी ठरेल, तर?” स्वप्नात असताना स्वप्न खरंच वाटतं. मग हे जागेपणही कशावरून खरं? जवळजवळ दोन महिने ते या अवस्थेत होते. बाहेर आले ते कुठल्या सिद्धांताच्या बळावर नव्हे. देवाने छातीत टाकलेल्या एका प्रकाशाने आपण सुटलो, एवढंच ते लिहितात.

त्या संकटातून ते सुटले. 1095 चं संकट वेगळं होतं. आता शंका ज्ञानाबद्दल नव्हती, स्वतःबद्दल होती. आपण शिकवतो ते कशासाठी? त्यांनी स्वतःच्या नियतीची, म्हणजे अरबीत ज्याला नियत म्हणतात त्या मनातल्या हेतूची झडती घेतली आणि सापडली ती प्रसिद्धीची हाव. ते लिहितात की सकाळी परलोकाची ओढ लागे आणि संध्याकाळी वासनांची फौज चाल करून येई. एक पाऊल पुढे पडे, दुसरं मागे जाई. जवळजवळ सहा महिने हे असं चाललं.

या काळात त्यांना जे उमगलं ते त्यांनी एका साध्या उदाहरणात सांगितलं आहे. आरोग्याची व्याख्या माहीत असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. आजारी पडलेल्या वैद्याला आरोग्याची व्याख्या, त्याची कारणं, त्याची औषधं सगळं ठाऊक असतं, फक्त आरोग्य नसतं. नशेचंही तसंच. नशा चढलेल्याला नशेची व्याख्या येत नाही आणि व्याख्या सांगणारा शुद्धीवर असतो. या प्रत्यक्ष अनुभवासाठी सूफींचा शब्द आहे ‘झौक’, म्हणजे चव. साखरेवर ग्रंथ लिहिणाऱ्याने साखर चाखली असेलच असं नाही. बगदादच्या आचार्यांना कळून चुकलं की जीवनाच्या अर्थाची सारी व्याख्या आपल्यापाशी आहे, चव मात्र आपण घेतलेली नाही.

नोव्हेंबर 1095 मध्ये त्यांनी बगदाद सोडलं. हजला जातो, असं लोकांना सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर कुणी जाऊ दिलं नसतं. स्वतःला आणि मुलाबाळांना पुरेल एवढं ठेवलं, बाकीची संपत्ती वाटून टाकली आणि दमास्कसची वाट धरली. इतिहासाचा योगायोग असा की त्याच नोव्हेंबरात तिकडे फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी पोप अर्बन दुसरे यांनी जेरुसलेम जिंकण्याची हाक दिली. एकाच महिन्यात एक माणूस सगळं टाकून आत वळला आणि दुसरीकडे हजारो लोक तलवारी घेऊन बाहेर पडण्याच्या तयारीला लागले.

दमास्कसच्या मोठ्या मशिदीचा मिनार चढून, दार आतून लावून घेऊन ते दिवसभर एकटे बसत. जवळजवळ दोन वर्षं ते त्या प्रदेशात राहिले. नंतर जेरुसलेमला घुमटाखालच्या पवित्र खडकापाशीही तसंच, दार लावून. या बंद दाराचं कारण त्यांच्याच एका दाखल्यातून समजतं. हृदय म्हणजे तळं, असं ते सांगतात. पाच ओहोळ त्यात बाहेरून पाणी आणतात, ती आपली पाच इंद्रियं. पाण्याबरोबर गाळही येतो. पण आणखी एक मार्ग आहे. ओहोळ काही काळ अडवायचे, तळ्याचा तळ खणायचा, गाळ काढत खाली जायचं. मग आतूनच झरा फुटतो आणि ते पाणी अधिक निर्मळ असतं, अधिक काळ टिकतं. दुष्काळात विहिरीचा गाळ उपसून झरे मोकळे करणाऱ्या माणसांना हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको.

आता माणूस कशासाठी जन्मतो, या प्रश्नाच्या मूळ उत्तराकडे. कुराणाच्या 51व्या अध्यायात माणसाच्या निर्मितीचं प्रयोजन एका शब्दात आलं आहे, ‘इबादत’. आपण त्याचं भाषांतर ‘उपासना’ असं करतो आणि डोळ्यांपुढे नमाज, रोजा, माळ एवढंच येतं. शब्दाच्या मुळाशी गेलं की चित्र बदलतं. त्याच धातूपासून ‘अब्द’ म्हणजे सेवक, बंदा हा शब्द होतो. अब्दुल्ला, अब्दुल करीम, अब्दुल रहमान या नावांतला ‘अब्द’ तोच. आणि त्याच धातूपासून अरबीत ‘तरीक मुअब्बद’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी तुडवून तुडवून मऊ, सपाट झालेली वाट. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. इबादत म्हणजे माणसाने स्वतःचीच अशी वाट करणं. रोजच्या पावलांनी आपला खडबडीतपणा दबत जातो आणि एक दिवस आपल्यावरून सत्य सहज चालत येऊ शकतं.

दुसरा शब्द 33व्या अध्यायातला. तिथे एक चकित करणारं दृश्य आहे. आकाशांपुढे, पृथ्वीपुढे, पर्वतांपुढे एक ठेव ठेवली गेली. ती उचलायला ते सगळे घाबरले, त्यांनी नकार दिला. माणसाने ती उचलली. त्या ठेवीसाठी कुराणातला शब्द आहे ‘अमाना’. हाच शब्द अमानत होऊन मराठीत आला आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाला. भाड्याने घर घेताना आपण भरतो ती, निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती अनामत. ही ठेव म्हणजे नेमकं काय, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. कुणी ती कर्तव्याची जबाबदारी मानली, कुणी निवडीचं स्वातंत्र्य. डोंगर वाकडा वागू शकत नाही, म्हणून तो चांगलंही वागू शकत नाही. माणूस दोन्ही करू शकतो. पर्वताला न पेलणारं ओझं उचलणाऱ्या माणसाला कुराण त्याच वाक्यात अन्यायी आणि अजाणही म्हणतं. थोरवी आणि वेडेपणा एकाच जागी ठेवणारं माणसाचं इतकं नेमकं वर्णन मी क्वचित वाचलं आहे.

मग ही अनामत सांभाळायची कशी? इथे गझाली आपल्याला अनपेक्षित ठिकाणी नेतात. भटकंतीच्या वर्षांत त्यांनी ‘इह्या उलूम अद्-दीन’ लिहायला घेतला, म्हणजे धर्मविद्यांचं पुनरुज्जीवन. चाळीस भागांचा हा प्रचंड ग्रंथ ज्ञानापासून सुरू होतो आणि मृत्यूच्या स्मरणाशी संपतो. बरोबर मध्ये, विसावा भाग, पैगंबरांच्या राहणीचा. आयुष्याचा अर्थ शोधायला निघालेल्या माणसाच्या ग्रंथात काय काय असावं? जेवायचं कसं, हे आहे. पाहुण्याला वाढायचं कसं, लग्न, मैत्री, प्रवास, बाजार, सगळं आहे. हात धुवावेत, घास लहान घ्यावा, नीट चावावा, वाढलेल्या अन्नाला नावं ठेवू नयेत, चारजणांत बसून जेवावं. आणि जेवताना मनात असावं की या बळावर मला चांगलं काम करायचं आहे. तेवढ्या एका हेतूने भाकरीचा घास इबादत होतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर ताटापर्यंत येऊन पोहोचतं, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

बाजाराच्या भागात गझाली बसऱ्याच्या यूनुस इब्न उबैद या कापडवाल्याची गोष्ट सांगतात. दुकानात काही वस्त्रं चारशे दिरहमची, काही दोनशेची. यूनुस नमाजाला गेले, पुतण्याला गल्ल्यावर बसवून. एक बेदुईन, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, आला आणि त्याने चारशेचं वस्त्र मागितलं. पुतण्याने दोनशेचं पुढे केलं. गिऱ्हाइकाला ते पसंत पडलं आणि चारशे मोजून तो निघाला. वाटेत यूनुसना तो भेटला. हातातलं वस्त्र त्यांनी ओळखलं, किंमत विचारली आणि म्हणाले, “हे दोनशेच्या वर नाही, परत चला.” बेदुईन म्हणाला, “आमच्याकडे याला पाचशे पडतात, मी राजीखुशीने घेतलंय.” यूनुसनी ऐकलं नाही. दुकानात नेऊन दोनशे दिरहम परत केले आणि पुतण्याला फैलावर घेतलं. पुतण्याने बाजू मांडली की गिऱ्हाईक खूश होतं. त्यावर यूनुसचा सवाल होता, “स्वतःसाठी जे पसंत केलं असतंस, तेच त्याच्यासाठी केलंस का?” कायद्याने त्या सौद्यात खोट नव्हती. तरीही गल्ल्यावरच्या त्या दोनशे दिरहमांत यूनुसना स्वतःचं सारं आयुष्य तोललं जाताना दिसलं.

याच ग्रंथात एक मुंगी आहे. ती कागदावरून चालते आणि तिला कागद काळा होताना दिसतो. मान वर करून ती पाहते तर लेखणीचं टोक. ती ठरवते की हे काम लेखणीचं आहे. तिची नजर बोटांपर्यंत, हातापर्यंत, लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. गझाली म्हणतात, पावसाला, पिकाला, वाऱ्याला, धन्याला आपल्या सुखदुःखाचा कर्ता मानणारे आपण त्या मुंगीसारखेच. मग ते एका शोधकाला प्रवासाला पाठवतात. तो कागदाला विचारतो, तुझं तोंड काळं का झालं? कागद शाईकडे बोट दाखवतो, शाई लेखणीकडे, लेखणी हाताकडे, हात आतल्या शक्तीकडे, शक्ती इच्छेकडे, आणि अशी ही चौकशी वर वर चढत जाते. इस्लाममधली ‘तौहीद’, म्हणजे ईश्वराचं एकत्व, ही कल्पना मी अनेक ठिकाणी वाचली होती. ती दिसली मात्र या मुंगीच्या गोष्टीत.

आणि आता तो दाखला, ज्याच्यासाठी मी हे सारं लिहायला बसलो. ग्रंथाच्या 38व्या भागात गझाली व्यापाऱ्याच्या भाषेत बोलतात. माणसाचं भांडवल एकच, आयुष्य. मन हा त्याचा भागीदार. सकाळी भागीदाराशी करार करावा, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी आणि रात्री त्याच्याकडून हिशेब घ्यावा. हिशेब हा आपला शब्दही मूळ अरबी ‘हिसाब’, आणि न्यायाच्या दिवसाला कुराणात नावच आहे हिशेबाचा दिवस. त्या दिवशी काय होईल? गझाली सांगतात की माणसापुढे त्याच्या प्रत्येक दिवसाच्या चोवीस तासांचे चोवीस खजिने ओळीने मांडले जातील. अरबीतही शब्द तोच, ‘खिझाना’. एक उघडला जाईल. त्यात त्या तासात केलेल्या चांगल्या कामाचा लख्ख प्रकाश असेल आणि तो पाहून असा आनंद होईल की नरकातल्यांना वाटून दिला तर ते आपली आग विसरतील. दुसरा उघडला जाईल. त्यात काळोख आणि दुर्गंधी, तो तास पापात गेलेला. मग तिसरा उघडेल आणि तो रिकामा असेल. आत काहीच नाही, सुखही नाही, दुःखही नाही. तो तास झोपेत गेला, किंवा माणूस ‘गाफील’ होता.

गाफील! मराठीत हा शब्द आपण किल्ल्याच्या पहाऱ्यासाठी वापरतो, क्रिकेटच्या क्षेत्ररक्षकासाठी वापरतो. गझालींच्या कोशात मात्र ‘गफ्लत’ म्हणजे जीवनाच्या अर्थाच्या बरोबर उलटी अवस्था. पाप केलेल्याला निदान पश्चात्ताप करायला काहीतरी असतं. रिकामी पेटी पाहणाऱ्याला होणारी हळहळ वेगळी, हाती आलेला मोठा नफा नुसत्या दुर्लक्षामुळे गमावलेल्या व्यापाऱ्यासारखी. बगदादच्या गच्च भरलेल्या वर्गात, तीनशे विद्यार्थ्यांपुढे बसून त्यांना बहुधा अशीच रिकाम्या पेट्यांची रांग दिसली असावी. हा माझा अंदाज आहे, त्यांनी तसं लिहिलेलं नाही. पण त्या थिजलेल्या जिभेचा याहून पटणारा अर्थ मला लागत नाही.

गझाली सगळ्यांनाच पटले असं नाही. 1109 साली, ते हयात असतानाच, स्पेनमधल्या कोर्दोबात ‘इह्या’च्या प्रती जाळण्यात आल्या. त्यांनी स्वतः तत्त्वज्ञांवर कडक टीका केली, तीन मुद्द्यांवर तर त्यांना धर्माबाहेर ठरवलं. पुढे कोर्दोबाच्याच इब्न रुश्द या तत्त्वज्ञाने त्याला ग्रंथभर उत्तर दिलं. या वादात मला इब्न रुश्दची बाजू अनेकदा जास्त पटते, आणि मतभेदासाठी माणसांना धर्माबाहेर काढण्याचा गझालींचा तो निवाडा मला मान्य नाही. पण स्वतःच्या नियतीची झडती घेणारा तो बगदादचा माणूस याने लहान होत नाही.

भटकंतीतून ते मध्येच घरी परतले, मुलांच्या हाका त्यांना ओढून घेऊन आल्या. 1106 साली निशापूरला पुन्हा शिकवायला बसले, या वेळी जीभ चालली. पूर्वी ज्या विद्येने मान मिळतो ती शिकवत होतो, आता ज्या विद्येने मान सोडता येतो ती शिकवतो, असा फरक त्यांनी स्वतःच नोंदवला आहे. शेवटी तूसला आले. डिसेंबर 1111, सोमवारची पहाट. त्यांच्या धाकट्या भावाच्या, सूफी अहमद गझालींच्या नावाने आलेली आठवण अशी की त्यांनी नमाजाआधी हातपाय धुण्याचा वुजू केला, नमाज पढली, आपलं कफन मागवलं, त्याचं चुंबन घेतलं, डोळ्यांना लावलं, राजाची आज्ञा शिरसावंद्य असं म्हटलं, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेने, पाय पसरले आणि उजाडण्याआधी गेले. वय पंचावन्नच्या आत.

‘अल-मुन्किझ’ हे पुस्तक फार लहान आहे. त्याची उर्दू आणि इंग्रजी भाषांतरं उपलब्ध आहेत. तुम्ही कुठल्याही श्रद्धेचे असा, किंवा कुठल्याही नसा, एखादी मोकळी दुपार मिळाली तर ते वाचा. आणि वाचताना जिथे त्यांची जीभ थांबते, त्या पानावर तुम्हीही थोडं थांबा.